ठिपक्यांचा घोडा

मी सर्कशीतले लाकडी घोडे जमवते हे शाळेत कळलं, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं होतं, "म्हणजे सजावटीचे?" मी म्हटलं, "नाही हो, खेळायचे. पोरांच्या हातातले." त्या हसल्या आणि त्यांनी विषय बदलला. सांगवीतल्या शाळेत गणित शिकवणारी, पन्नाशी उलटलेली बाई भंगारवाल्यांकडे खेळणी शोधत फिरते, हे कुणाला सांगून पटण्यासारखं नव्हतंच.

हे घोडे वीतभर उंचीचे असतात. धड लाकडाचं, मान आणि पाय वेगळे, आणि ते आतून रबरी दोरीनं ओढून बसवलेले. त्यामुळे घोडा मागच्या दोन पायांवर उभा करता येतो, बसवता येतो, पुढचा पाय पिंपावर टेकवता येतो. खुरांना खाच असते, म्हणजे शिडीच्या पायरीवर त्याला अडकवता यावं. काहींच्या पाठीवर खोगिराच्या जागी एक सपाट गोल चकती असते, कसरत करणाऱ्या बाहुलीला उभं राहायला. शंभरेक वर्षांपूर्वी अशा आख्ख्या सर्कशी खोक्यांत भरून परदेशातून यायच्या, छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत नाहीतर श्रीमंतांच्या घरी जायच्या. पुढे खोकी गेली, विदूषक गेले, शिड्या मोडल्या. घोडे मात्र कुठे कुठे उरले. मला पहिला घोडा खडकीला जुन्या सामानाच्या एका हातगाडीवर दिसला. एक पाय लोंबत होता. गाडीवाल्यानं तो फळीवर ठेवला, आणि तो तीन पायांवर न पडता उभा राहिला. मी घेतला.

मग नाद लागला. पांढरे आणि तपकिरी हे दोन मुख्य. जुन्यांचे डोळे काचेचे, नंतरच्यांचे रंगवलेले. कुणाचे कान चामड्याचे, कुणाचे कापडाचे. शेपटी कधी सुतळीची, कधी खऱ्या केसांची. त्यांच्यावरून इथल्या कारागिरांनी केलेल्या नकलाही मिळतात, सावंतवाडीच्या खेळण्यांसारख्या चकचकीत लाखेच्या रंगातल्या. साचा एकच, तरी कुठलेही दोन घोडे सारखे नाहीत. हे फरक शोधण्यात माझा जीव रमायचा. आणि जमवणाऱ्यांचा एक नियम मी काटेकोर पाळायचे: मूळ रंगाला हात लावायचा नाही. पोपडे आले, काळवंडला, तरी चालेल. रंग गेला की घोडा गेला.

माझ्यासारखे वेडे महाराष्ट्रात आणखी होते. फोनवर आमचा एक ग्रुप झाला. नाशिकचे एक काका होते, वयानं आणि माहितीनं सगळ्यांत मोठे. कोल्हापूरचे एक गृहस्थ ग्रुप चालवायचे. आणि बऱ्याच उशिरा त्यात एक जण आला, हिंजवडीजवळच्या मारुंजीचा. त्याच्या फोटोच्या जागी घोड्याचाच फोटो होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं एक पांढरा घोडा टाकला. निळ्या मखमलीसारख्या कापडापुढे उभा केलेला, रंग असा शाबूत, की जणू कालच दुकानातून आणलाय. खाली एवढंच लिहिलं होतं: "आज हा बघा."

आम्ही सगळे चाट पडलो. मी लिहिलं, "भाऊ, अजून आहेत का?" बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "बघतो, ताई."

त्यानंतर महिन्या-दीड महिन्याला एक घोडा यायचा. तपकिरी. मग काळा, जो आम्ही कुणीच पाहिला नव्हता. मग काचेच्या डोळ्यांचा. मागे तेच निळं कापड. मी मनाशी त्या माणसाचं चित्र तयार केलं होतं: साठी-पासष्टीचा, जुन्या जमीनदार घरातला, हिंजवडीच्या बाजूच्या जमिनी विकून आता निवांत झालेला, घरात काचेचं मोठं कपाट. भेटू म्हटलं की तो "शिफ्ट आहे, ताई" असं लिहायचा. मी समजायचे, मुलाची असेल. माणसाला जे समजायचं असतं तेच तो समजतो.

एका रविवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. फोन वाजला, पिठाच्या हातानंच उघडला. पडद्यावर एक पांढरा घोडा होता, अंगभर काळे ठिपके, कुणी बोट शाईत बुडवून टेकवल्यासारखे, आणि डोक्यावर लाल तुरा. तव्यावरची पोळी जळाली. आमचे हे आतून ओरडले, "काय जळतंय?" मी ठिपके मोठे करून बघत होते.

नाशिकच्या काकांनी ग्रुपवर लिहिलं, "असा घोडा कधी झालाच नाही. फोटो नीट बघा सगळे." मला राग आला. मी सगळ्यांसमोर उत्तर दिलं, "काका, वय झालं की नजर दगा देते." काकांनी पुढे एक अक्षर लिहिलं नाही. संध्याकाळी ते ग्रुपमधून बाहेर पडले.

पुढे पुण्यात जुन्या खेळण्यांचं एक छोटं प्रदर्शन झालं, तिथं मला बोलायला बोलावलं. मी ठिपक्यांचा घोडा पडद्यावर दाखवला. आपल्याच भागात, मारुंजीत, असा घोडा निघाला याचा मला केवढा अभिमान! टाळ्या पडल्या. त्या घोड्याचा जोडीदार शोधायला मी खडकीपासून थेट मिरजेपर्यंत फिरले. सुट्ट्या त्यात गेल्या.

मग मारुंजीचे फोटो एकाएकी बंद झाले. दोनदा विचारलं, उत्तर नाही. शेवटी मी फोनच लावला. एका बाईनं उचलला.

"त्यांचा पाय मोडलाय, ताई," ती म्हणाली. "चाकणच्या रस्त्याला खड्ड्यात गाडी घसरली. पडून हायेत. तुम्ही सांगवीच्या ताई न्हाई का? लई नाव काढत्यात तुमचं. या की एकदा."

मला वाटलं, सून असेल.

मी फळं घेतली आणि निघाले. वाकड ओलांडलं, हिंजवडीच्या पुलाखालच्या गर्दीत अर्धा जीव गेला, आणि मारुंजीत शिरले. पत्ता सांगितलेली इमारत रस्त्यापासून आत होती. खाली किराणा, वर ओळीनं भाड्याच्या खोल्या, प्रत्येक दारापुढे चपलांचा ढीग आणि वाळत घातलेले कंपनीचे शर्ट. मला वाटलं, चुकीच्या ठिकाणी आले. मी परत फोन लावला, आणि समोरच्याच दाराआड तो वाजला.

दार उघडलं ती तिशीतली, गळ्यात आयटी पार्कमधल्या हाउसकीपिंगचं ओळखपत्र. शेजारच्या माण गावाकडे तिची ड्यूटी होती, सुट्टी काढून थांबली होती. आत एकच खोली. एका कडेला गॅस, एका कडेला कॉट. कॉटवर प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून एक माणूस पडला होता. पस्तिशीचा असेल नसेल. मला बघताच त्यानं उठायची धडपड केली.

"पडून राहा," मी म्हटलं. "मी सांगवीहून आले. ते... तुमचे वडील कुठे आहेत?"

"वडील गावाकडं असतेत, ताई. लातूरला," तो म्हणाला. "मीच तो. घोडेवाला."

मी स्टुलावर बसले. मग माझी नजर मोरीकडे गेली. मोरीला पडदा होता. निळा. उजेड त्याच्यावर तिरका पडत होता आणि तो मखमलीसारखा दिसत होता.

त्याची बायको कौतुकानं म्हणाली, "ताई, घोडा बघायचा असंल ना तुमाला?" आणि त्यानं "अगं थांब" म्हणेपर्यंत तिनं फ्रीजवरनं एक वर्तमानपत्राची गुंडाळी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

मी कागद सोडला. आत घोडा होता. मागचा अर्धा भाग काळाभोर, पुढचा अर्धा रंगाखाली द्यायच्या करड्या प्रायमरचा. डोळ्यांच्या जागी भोकं. अपघात झाला तेव्हा काम अर्ध्यात राहिलं असावं.

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीचे कुठले?" ती म्हणाली.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"तो पांढरा?"

"हाच, ताई."

"तपकिरी?"

"हाच."

"काचेच्या डोळ्यांचा?"

"हाच. हिच्या तुटलेल्या माळेतले मणी लावले होते."

"ठिपक्यांचा?"

या वेळी बायकोच म्हणाली, "ठिपके त्यांनी माचिसच्या काडीनं दिले. दोन रविवार बसले होते. मी म्हटलं पण, आता राहू द्या असाच, लई ग्वाड दिसतोय. तर म्हणाले, न्हाई, ताईंना नवा दाखवायचाय."

एवढ्या सगळ्या घोड्यांऐवजी एकच घोडा! भंगारच्या गोदामात, माल ठेवायच्या तुटक्या लाकडी पॅलेटच्या ढिगाऱ्यात त्याला तो सापडला होता. तो चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला होता, टचअपच्या कामावर. घोडा घरी आणला, रंगवला, मोरीच्या पडद्यापुढे ठेवून फोटो काढला. रंग खरवडला, दुसरा दिला, परत फोटो काढला. आणि मी त्या फोटोंवर भाषणं केली होती, एका म्हाताऱ्या माणसाला घालूनपाडून बोलले होते, मिरजेच्या बाजारात उन्हात उभं राहून ठिपक्यांचा घोडा आहे का म्हणून दुकानोदुकानी विचारलं होतं.

"फसवलंस तू आम्हाला," मी म्हटलं. भाऊवरून, तुम्हीवरून मी एका झटक्यात तूवर आले होते.

"फसवलं," तो म्हणाला. डोळे आता उघडे होते. "पण विकला एकबी न्हाई, ताई. विकायला सांगितलं होतं दोघातिघांनी. मी न्हाई म्हटलं."

"मग केलंस कशाला?"

"पहिल्या फोटोला तुम्ही सगळ्यांनी केवढं लिहिलं. तुम्ही विचारलं, अजून आहेत का. आता न्हाई कसं म्हणू? कंपनीत दिवसभर बंपर समोर येतेत. डाग दिसला की झाकायचा. चांगलं झाकलं तर कुणाला कळतच न्हाई की मी काही केलंय. चुकलं, तरच हाक मारतेत. इथं तुम्ही म्हणायला लागलात, काय सुंदर आहे..."

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. माझं सगळं लक्ष मांडीवरच्या त्या लाकडाकडे होतं. धडाचा आकार, मानेचा बाक, खुरांच्या खाचा, सगळं अस्सल होतं. माझ्याकडच्या कित्येकांपेक्षा हा जुना असावा.

"मूळ रंग कुठला होता याचा? तू आणलास तेव्हा?"

"मूळचा घासून काढला ना, ताई. पॉलिश पेपरनं." त्यानं ते अगदी सहज सांगितलं, चांगलं काम केल्यासारखं. "जुना पूर्ण काढल्याबिगर नवा बसत न्हाई."

"अरे, पण कुठला होता?"

त्यानं आठवून पाहिलं. "मातकट होता. का पिवळसर? नीट बघितलाच न्हाई मी. खराबच झाला होता."

एकच घोडा असल्याचं कळलं तेव्हा बसला त्याहून मोठा धक्का मला हे ऐकून बसला. पिवळसर घोडा मी आयुष्यात पाहिलेला नाही. असेल, नसेल. आता कुणालाच कधी कळणार नाही. मी घोडा परत कागदात गुंडाळून कॉटच्या कडेला ठेवला.

त्याची बायको चहाचं आधण ठेवून उभी होती. आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत तिनं विचारलं, "काय झालं, ताई? मला तर वाटायचं, तुमा सगळ्यांना ठाऊक हाय. असाच खेळ असतो, दर टायमाला नवा रंग." तिला कळलं तशी ती हळूहळू खालीच बसली, फरशीवर. "अवो, तुमी लोकांना खोटं सांगत व्हता?" तिनं नवऱ्याला विचारलं. त्यानं मान भिंतीकडे वळवली. चहा उतू गेला. मी न पिताच उठले.

घरी आल्यावर फोनमधले सगळे फोटो एकापाठोपाठ एक बघितले. पांढरा, तपकिरी, काळा, ठिपक्यांचा. प्रत्येकाच्या मागच्या डाव्या खुराचा टवका उडालेला होता. तोच टवका, त्याच जागी. मी हे फोटो मोठे करकरून पाहिले होते. कानांचा कोन, शेपटीची जाडी, चकतीचा रंग, सगळं टिपलं होतं. फरकच शोधत होते ना मी. सारखं काय आहे ते बघायचं मला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नाशिकला फोन लावला. काकांनीच उचलला. मी सगळं सांगून टाकलं आणि माफी मागितली.

"तो खुराचा टवका," शेवटी ते म्हणाले. "तिसऱ्या फोटोलाच दिसला होता मला."

"मग काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की," ते म्हणाले.

मला फोन ठेवून द्यावासा वाटला. पण त्यांनीच पुढे विचारलं, "त्याचा पाय कसा आहे?" आणि मग जरा थांबून, "ठिपके मात्र फार छान काढले होते हो. म्हणून तर मला राग आला."

पुण्याच्या प्रदर्शनवाल्यांनाही मी कळवलं. चूक झाली, तो घोडा खरा नव्हता. पलीकडून एक मुलगी म्हणाली, "असू द्या हो मॅडम, कुणाला आठवतंय आता." मला रात्रंदिवस टोचत होतं ते जगात कुणाच्या गावीही नव्हतं.

ग्रुपवर सांगायचं की नाही हे माझं ठरत नव्हतं. तेवढ्यात घोडेवाल्यानंच सांगितलं. आवाजाचा संदेश टाकला, अडखळत, मध्ये बायकोचा आवाज, "नीट सांगा सगळं." एकच घोडा आहे, मी रंगवतो, सगळ्यांची माफी मागतो. त्यावर लोकांनी जे लिहिलं ते इथं लिहीत नाही. एकानं पोलिसांचं नाव घेतलं. कोल्हापूरच्यांनी त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. मला एका शब्दानं ते थांबवता आलं असतं. थांबवावंसं वाटलं नाही.

दिवाळी झाल्यानंतर एका रविवारी बेल वाजली. दारात तो आणि त्याची बायको. त्याच्या हातात काठी, तिच्या हातात गावाकडनं आलेली ज्वारीची पिशवी.

"आत येऊ का, ताई?" तो म्हणाला. "खरे घोडे मी कधीच बघितले न्हाईत. एकदा बघतो आन् जातो."

मी दारातून हलले नाही. शेवटी आमच्या ह्यांनीच "या, या, बसा" केलं.

मी कपाट उघडलं. पाय पसरून, काठी बाजूला ठेवून तो कपाटापुढे फरशीवर बसला, म्हणजे घोडे त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आले. बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

"हे असे असतेत?" तो म्हणाला. "एवढे मळके? ह्याचा तर अर्धा रंग गेलाय. हा काळा पडलाय." तो खरोखर हादरला होता. "मला वाटायचं, तुमचे माझ्यापेक्षा चकाचक असतील. म्हणून मी तेवढी फिनिशिंग काढायचो."

मी त्याला पहिल्यांदाच सांगितलं, मूळ रंग म्हणजे काय, तो का जपायचा. शंभर वर्षं पोरांचे हात लागून पाठ कशी झिजते, ते दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझा मी मारूनच टाकला म्हणायचा," तो म्हणाला.

त्याची बायको माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणावं असं तिला वाटत होतं.

"हो," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "तो आता तसाच, अर्ध्या प्रायमरमध्ये ठेवलाय. पुढं हात लावला न्हाई." ह्यांनी पोह्यांच्या बशा आणल्या. त्यानं बशी हातात घेतली, पण नजर कपाटावरच.

तो अधूनमधून येतो आता. पाय बरा झालाय, कंपनीत परत लागलाय. ज्यांच्या आतल्या रबरी दोऱ्या सैल पडल्यात असे दोन घोडे त्यानं माझ्यासमोर बसून ओवून दिले, रंगाला बोटही न लावता, खाली मऊ फडकं घेऊन. हात फार हलका आहे त्याचा. नाशिकच्या काकांनी फोनवर त्याच्याशी बोलून घेतलं. माझ्याशी मात्र काका अजून कामापुरतंच बोलतात.

आणि मी? मी त्याला माफ केलं असं मला सांगता येणार नाही. तो जिना उतरून गेला, खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, की मी कपाट उघडते आणि घोडे बघते. मोजत नाही. एकेक उचलून उजेडात धरते, आणि प्रत्येकाचा रंग जागेवर आहे ना, तेवढं पाहून परत ठेवते.